ऊन दाखवलेल्या रेकॉर्डी

माझ्या लातूरच्या घरात पलंगाखाली दादाच्या जॅझच्या रेकॉर्डी आहेत. त्यातली एकही धड वाजत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी काहीतरी मार्ग निघाला असेल अशी आशा धरून कुणी वाचत बसणार नाही. मी धरली होती. तिचा काही उपयोग झाला नाही.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. नांदेडला आयटीआयमध्ये वायरमनच्या पोरांना शिकवायचा. मी लातूरला कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवते. लग्न केलं नाही, त्यामुळे जगात माझं म्हणावं असं माणूस एकच होतं आणि ते नांदेडला होतं. आमच्यात बोलण्यासारखं फारसं काही नव्हतं. त्याला राजकारणात रस नाही, मला नातेवाइकांत नाही. आमच्यात होत्या त्या रेकॉर्डी.

सुरुवात चुकून झाली. तरुणपणी तो कसल्याशा ट्रेनिंगला हैदराबादला गेला होता. तिथल्या जुन्या बाजारात एका कव्हरवर सॅक्सोफोन धरलेला माणूस दिसला. आमच्याकडे सॅक्सोफोन म्हणजे वरातीचा बँड. दादाला वाटलं, सिनेमाच्या गाण्यांच्या धुना असतील. घरी आणून लावली तर गाणं कुठलं, नुसता एक लांबलचक सूर, आणि त्याच्या मागे कुणीतरी पत्र्याचे डबे लावून ठेवत असल्याचा आवाज. मी शाळेत होते, हसत सुटले. दादा हसला नाही. त्याने तीच बाजू पुन्हा लावली, मग पुन्हा लावली, आणि आईने हाका मारून मारून शेवटी त्याचं ताट झाकून ठेवलं.

पुढे आयुष्यभर त्याने हेच केलं. ज्यांची नावं सगळ्या जगाला ठाऊक आहेत त्यांच्या वाटेला तो गेला नाही. म्हणायचा, त्यांना ऐकणारे ढीग पडलेत, त्यांना आपली काय गरज? त्याला हवे असायचे ते एखाद-दोन रेकॉर्डी काढून अंतर्धान पावलेले. एक ट्रम्पेटवाला होता, इतका हळू फुंकायचा की शेजाऱ्यांची झोपमोड होईल अशी भीती असावी. एक बाई पियानो वाजवायची, म्हणजे कोपरांनी धोपटायची, आणि मग मध्येच एवढासा, करंगळीएवढा सुरांचा तुकडा काढायची की माझा श्वास अडकायचा. दोघा जणांनी एका रिकाम्या गोदामात वाजवलेलं होतं, त्यात कबुतरं उडाल्याचं स्पष्ट ऐकू येतं. किंवा येत होतं, असं म्हणायला पाहिजे.

कव्हरच्या पाठीमागचं बारीक इंग्रजी दादा डिक्शनरी घेऊन वाचायचा आणि मला सांगायचा. "हा बघ, ह्याचं गाव म्हणजे अमेरिकेतलं जळकोट. आणि हा शिरूर अनंतपाळचा. हे सगळे तालुक्याचे लोक हायत, आपल्यावानी. ह्यांना जिल्ह्याला कुणी विचारलं न्हाई." असं म्हणताना त्याला फार बरं वाटायचं. मलाही वाटायचं. मी ज्या शहरात शिकवते तिथे पोरांना चूक करायची परवानगी नाही. पहाटेपासून क्लास, चाचण्या, निकालाचे फलक. त्या सगळ्यातून उठून नांदेडला जायचं आणि जाणूनबुजून वाकडं वाजवणाऱ्या माणसांसमोर बसायचं, याचं सुख मी कुणाला समजावून सांगू शकले नाही. प्रयत्नही केला नाही.

गच्चीवर एकच खोली होती, ती रेकॉर्डींची. दादाने तिथे कूलर बसवला होता आणि उन्हाळाभर तो चालू ठेवायचा. वहिनी म्हणायच्या, "माणसं खाली उकडून मरून राहिलेत आन् तबकड्यांना थंड हवा." पण कूलरमध्ये पाणी भरायच्या त्याच. बादल्या जिन्याने वर न्यायच्या, भरायच्या आणि खाली यायच्या. आत येऊन बसल्या नाहीत कधी. आम्ही बोलावलं नाही असं नाही. त्या म्हणायच्या, भाकरी टाकायच्या हायत. लोह्याकडच्या बाई, दिवसभर हात चालू. बसून नुसतं ऐकायचं ही गोष्ट त्यांना कुणी शिकवलीच नव्हती.

आमचा दोघांचा एक नियम होता. नवी रेकॉर्ड एकट्याने ऐकायची नाही. ती आली की दादा फोन करायचा, मी अहमदपूर-लोहा मार्गे एसटीने जायची, आणि मग माझ्यासमोर तो वरचा प्लास्टिकचा कागद फाडायचा. दोन्ही बाजू संपेपर्यंत बोलायचं नाही. संपलं की पहिल्यांदा मी बोलायचं. मला न आवडलेल्या रेकॉर्डीही त्याने ठेवल्या, पण माझं मत ऐकल्याशिवाय एकही कप्प्यात लावली नाही. माझ्या मताला एवढी किंमत दुसऱ्या कुणीही दिलेली नाही.

शेवटची रेकॉर्ड त्याने परदेशातल्या एका संग्राहकाकडून मिळवली. कित्येक वर्षं दोघांचा पत्रव्यवहार चालू होता. एका सॅक्सोफोनवाल्याने एकट्यानेच, साथीला कुणी न घेता, स्वतःच्या घरात वाजवलेलं होतं. त्याने मोजक्याच प्रती पदरच्या पैशाने काढल्या, हाताने वाटल्या आणि मग वाजवणंच सोडलं. इंटरनेटवर ते नाही. मी नंतर किती शोधलं ते माझं मला माहीत. त्या संग्राहकाकडे एक जास्तीची प्रत होती, ती त्याने दादाला पाठवली. पोळ्याच्या सुमाराला ती आली. दादाचा फोन, "आली! फोडत न्हाई. कधी येतीस?" आमच्याकडे घटक चाचण्या चालू होत्या, रविवारीसुद्धा सुट्टी नव्हती. गणपतीत येते म्हणाले. तो म्हणाला, "ये निवांत. ती कुठं पळून जाऊन राहिली?"

गौरी बसल्या त्या दिवशी तो अंघोळ करून बाहेर आला, खुर्चीत बसला आणि गेला. मी पोचले तेव्हा सगळं आवरलेलं होतं.

दिवस होईपर्यंत मी तिथे राहिले. वरच्या खोलीत ती रेकॉर्ड कप्प्यात न लावता प्लेयरशेजारी उभी करून ठेवलेली होती, प्लास्टिक तसंच. मी हात लावला नाही. एकटीने ऐकायची नाही हा नियम मोडायचा तर थोडा वेळ पाहिजे होता. वहिनी म्हणाल्या, "वर्ष होईपर्यंत त्यांची वस्तू घराबाहेर जाऊ द्यायची न्हाई ताई. नंतर सगळं तुमचंच. आम्हाला काय कळतंय त्यातलं." मुलगा पुण्याला नोकरीला, त्याला तर नकोच होतं. मी बरं म्हणाले. त्या वर्षभरात मी दुसरं काहीही ऐकलं नाही. रोज मनात एकच, वर्ष झालं की ती घरी आणायची, दार लावायचं आणि दोन्ही बाजू ऐकायच्या. आणि मग मोठ्याने बोलायचं, समोर कुणी नसलं तरी. वेडेपणा वाटेल, पण तेवढ्यावर मी ते वर्ष काढलं.

वर्षश्राद्ध झालं तेव्हा मी रेकॉर्डी नेण्यासाठी खोकी घेऊनच गेले होते. वहिनी घाबऱ्या झाल्या. पितृपंधरवडा लागत होता. "पितरपाठात घरातून काही नेऊ नका ताई. घट बसू द्या, मंग न्या. इतकं थांबलात, आणखी पंधरा दिवसानं काय होतंय?" मला असल्या गोष्टींचा राग येतो. पण ज्या बाईने त्या उन्हाळ्यातही त्या खोलीतला कूलर माणूस नसताना भरला, तिच्याशी मुहूर्तावरून वाद घालायचा म्हणजे काय? खोकी तिथेच ठेवून मी परत आले.

आमच्याकडे घट बसायच्या आधी दसरा काढतात. हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. घरातली वस्तू न् वस्तू बाहेर काढायची, धुण्यासारखी धुवायची, पुसण्यासारखी पुसायची आणि सगळ्याला ऊन दाखवायचं. गोधड्या, गाद्या, डबे, देव, फळ्यांवरची पितळी भांडी. आदल्या वर्षी सुतकामुळे वहिनींनी दसरा काढला नव्हता, तेव्हा या वर्षी दोन वर्षांचा काढायचा होता. पाऊस उघडला होता, चार दिवस ऊन कडक पडलं. सगळ्या कॉलनीच्या गच्च्या भरल्या. आणि वहिनींना वाटलं, ताईंना न्यायच्या आहेत तर त्यांच्या वस्तू धुळीच्या कशाला द्यायच्या.

नवरात्रातल्या रविवारी मी गेले. वहिनी दारातच उभ्या होत्या, चेहरा मी वर्षभरात पाहिला नव्हता इतका हसरा. चहासुद्धा न देता मला वर घेऊन गेल्या. खोली चकचकीत. कप्पे ओल्या फडक्याने पुसलेले, खाली नवे वर्तमानपत्राचे कागद घातलेले. रेकॉर्डी ओळीत उभ्या, आणि त्यांच्यावर कापडी पिशव्या. चौकडीच्या, रेघांच्या, पांढऱ्या.

"आतले कागद भिजून गेले हो सगळे," वहिनी म्हणाल्या. "म्हणून ह्यांच्या शर्टाच्या शिवल्या. तसे बी ते शर्ट कुणाला द्यायला जीव होत नव्हता. एकेक तबकडी साबणाच्या पाण्यानं धुतली बघा. केवढी धूळ! मंग गच्चीत ओळीनं मांडल्या, दोन दिवस चांगलं ऊन दाखवलं. शेजारणी म्हणल्या, ह्या काय काळ्या भाकरी वाळत घातल्यात?"

मी चौकडीची पिशवी काढली. दादा कॉलेजात जायचा तेव्हाचा शर्ट होता तो. आतली रेकॉर्ड बाहेर काढली. तिची कड वर-खाली झाली होती, तव्यावर पापड भाजताना होतो तशी. दुसरी काढली. तिसरी काढली. मधली लेबलं फुगून सुटली होती, काहींची गेलीच होती. मग प्लेयरशेजारी पाहिलं. ती तिथे नव्हती.

"ती एक होती ना वहिनी, प्लास्टिकमध्ये? न उघडलेली?"

"हाव, ती! तिचा तर कागदसुद्धा काढला नव्हता, केव्हाची तशीच पडलेली. ती मी आधी धुतली. ही बघा, पांढऱ्या पिशवीत घातली. तो त्यांचा झेंडावंदनाचा शर्ट."

मला ओरडायचं होतं. माझा स्वभाव ओरडण्याचाच आहे, वर्गात पोरं मला टरकून असतात. मी फिजिक्स शिकवते. तापलेल्या स्लॅबवर काळ्या प्लास्टिकचं काय होतं हे मी फळ्यावर लिहून दाखवू शकते. पण समोर ती बाई उभी होती, शिवणाने बोटं सोललेली, आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच काहीतरी मनासारखं केल्याचा आनंद तिच्या तोंडावर होता. मी म्हणाले, "छान केलंत वहिनी." त्या म्हणाल्या, "त्यांना बी आवडलं असतं." मी हो म्हणाले.

रेकॉर्डींची खोकी आणि दादाचा प्लेयर पायाशी घेऊन एसटीत मी रडले. लोह्याच्या स्टँडवर कंडक्टरने विचारलं, बाई, बरं वाटून नाही राहिलं का? मी त्याच्यावर खेकसले. रडण्याचं कारण नुसत्या रेकॉर्डी नव्हत्या. तो ट्रम्पेटवाला, ती पियानोवाली, ते कबुतरांचं गोदाम, सगळ्या जगाने ह्या लोकांकडे पाठ फिरवली होती आणि नांदेडच्या एका गच्चीवर दोन माणसं त्यांना ऐकत होती. त्यातला एक गेला. दुसरी म्हणजे मी, माझ्याकडे आता ऐकायला काही उरलं नव्हतं. कुणाचा दोष म्हणावा तर तोही नाही. ज्याच्यावर राग काढावा असं कुणीतरी असतं तर मला बरं वाटलं असतं.

लातूरला मी काचेचे दोन जाड तुकडे आणले. फोटो फ्रेमच्या दुकानातले चाचा म्हणाले, "कोण वारलं बाई? फोटो द्या, बसवून देतो." मी म्हणाले, फोटो नाही, नुसती काच हवी. दोन काचांच्या मध्ये पियानोवाल्या बाईची रेकॉर्ड घालून वर प्रवेश परीक्षांच्या गाइडांची चळत रचली. लातुरात दुसऱ्या कशाची कमतरता असेल, गाइडांची नाही. आठवडाभराने काढली तर थोडी सपाट झाली होती. लावली. सुई वर चढली, घसरली, खरखरली आणि कडेला येऊन पडली. वरून सरळ झाली तरी आतल्या खाचाच वितळल्या होत्या. तिचा तो करंगळीएवढा तुकडा जिथे यायला हवा होता तिथे कुणीतरी कण्हल्यासारखा आवाज आला. मी प्लेयर बंद केला. पुढे ज्या ज्या लावल्या त्या सगळ्यांचं तेच झालं. शेवटी मी त्या पलंगाखाली सरकवल्या. पांढऱ्या पिशवीतली तेवढी काढलीच नाही.

वहिनींचा फोन यायचा. "वाजतात ना ताई नीट?" मी म्हणायची, मस्त वाजतात. स्वच्छ झाल्यामुळे आवाज खुलला, असंही एकदा म्हणाले. खोटं बोलायला लागलं की माणूस कंजूषपणा करत नाही.

दिवाळी झाल्यावर एका रविवारी दुपारी त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, मग म्हणाल्या, "ताई, एक म्हणू का? घर लई सुनं वाटून राहिलंय. वर ते वाजायचं आन् मी खाली काम करायची. कधी जाऊन बसले न्हाई. आता वाटतं, जाऊन बसायला पाहिजे होतं. तुमी जरा लावता का? मी फोन कानाला धरून बसते."

मी म्हणाले, सुई खराब झालीय.

"मंग परवा तर म्हणलात, मस्त वाजतात म्हणून."

मी फोन टीपॉयवर ठेवला आणि पलंगाखालून पिशव्या ओढल्या. कुठली लावायची? प्रत्येकीतला सूर न् सूर मला पाठ होता, आणि प्रत्येकीचं काय झालंय तेही आता माहीत होतं. ती विटंबना मला पुन्हा ऐकवली नसती. ज्यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं अशी एकच होती. पांढऱ्या पिशवीतून मी ती काढली, ठेवली आणि सुई टेकवली. फोन स्पीकरजवळ नेऊन धरला.

आधी खरखर. मग माणसाचा श्वास. मग सूर लागला आणि लगेच खाली वाकत गेला, पार खाली, मग हेलकावा खाऊन वर आला. सुई चढत होती, उतरत होती, तिच्याबरोबर तोही. मध्येच आवाज बुडाला, पुन्हा वर आला. एका जागी तो सूर असा काही चिरला की माझ्या अंगावर काटा आला. इतकं सुंदर मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. पण ते त्या माणसाने वाजवलं होतं, की नांदेडच्या उन्हाने? मला कळायला मार्ग नव्हता. ते मला कधीच कळणार नाही. ज्याला विचारलं असतं तो नाही, आणि असता तरी त्यालाही सांगता आलं नसतं, कारण त्यानेही ही ऐकलेली नव्हती. एवढ्यासाठी मी वर्ष काढलं होतं, आणि ऐकूनही माझ्या हाताला काहीच लागत नव्हतं.

फोनमधून हुंदका ऐकू आला.

"हाव," वहिनी म्हणाल्या. "हेच. हेच लावायचे ते. लई लावायचे. मी लगेच वळखलं बघा."

मी म्हणाले, "हो वहिनी. हेच."

तेवढ्यात सुई उडाली आणि एका खाचेत अडकली. श्वास, वाकलेला सूर, खरखर. पुन्हा श्वास, वाकलेला सूर, खरखर. मी सुई उचलायला हात पुढे केला.

"राहू द्या, राहू द्या," वहिनी म्हणाल्या. "आता हे असंच लई वेळ चालतं."